बाईंचा कालचा आवाज

बाईंना मी एकदा खोटं सांगितलं. जिन्यात, उभ्याउभ्या, जेमतेम एका वाक्याचं खोटं. त्यांना ते पुढं कळलं, पण त्यांच्याशिवाय आजवर कुणालाच ठाऊक नाही. घरीसुद्धा मी ते कधी बोललेलो नाही. त्या खोट्याच्या जोडीला आणखी एक गोष्ट आहे, ती तर बाईंनाही माहीत नाही. आता पन्नाशी आली. दोन्ही लिहून टाकतो.

मात्र आधी बाई. नुसतं माझं पाप सांगून मोकळा झालो तर बाई त्या पापातलं एक पात्र होऊन बसतील, आणि त्या त्याहून पुष्कळ मोठ्या आहेत.

सरकारी रेडिओच्या ज्या केंद्रात मी कंत्राटी इंजिनिअर म्हणून लागलो, तिथं बाई निवेदिका होत्या. निवृत्तीला दोनेक वर्षं उरलेली. माझं काम एकच, केंद्राचं प्रसारण जसंच्या तसं मोबाइलच्या ॲपवर आणून देणं. स्टुडिओतला आवाज एका वायरीनं माझ्या मशीनमध्ये यायचा, तिथून इंटरनेटवर, तिथून लोकांच्या फोनमध्ये. सांगायला दीड ओळीचं काम. ते जमवण्यात माझे आठ महिने गेले. ज्या दिवशी पहिल्यांदा ॲपवर आवाज आला, त्या दिवशी मी ऐटीत फोन घेऊन बाईंच्या टेबलापाशी गेलो.

बाईंनी पर्समधून ट्रान्झिस्टर काढला. त्याला त्यांनी लोकरीची खोळ विणली होती, लहान मुलाच्या टोपड्यासारखी. तो त्यांनी माझ्या फोनशेजारी ठेवला आणि हाताची घडी घालून बसल्या. ट्रान्झिस्टरनं सांगितलं, अकरा वाजले. फोनवर अजून आधीचं गाणंच चाललं होतं. ते संपलं आणि मग फोन म्हणाला, अकरा वाजले.

"हा कोण रे मागाहून बोलतोय?" बाई म्हणाल्या.

"थोडा उशीर लागतो, बाई. आवाज साठवून साठवून पुढं पाठवावा लागतो ना."

"म्हणजे शिळा."

"शिळा काय हो! चाळीस सेकंद."

"अकरा वाजून गेल्यावर हा सांगतो अकरा वाजले. खोटं बोलतो की नाही?"

"जगात सगळीकडे असंच असतं, बाई."

"जगाचं मला सांगू नको, इंजिनेर. आत्ता म्हणजे आत्ता. रेडिओ म्हणजे हाक असते. हे तुझं पत्र झालं."

तेव्हापासून माझ्या ॲपचं नाव पत्र. सकाळी जिन्यात दिसल्या की, "काय, पत्र पोचलं का आज?" पुढं एकदा त्यांनी थेट प्रसारणात सांगून टाकलं, "दुपारचे बारा वाजले. मोबाइलवर ऐकणाऱ्यांनी कृपया थोडे जास्त धरावेत." केंद्राच्या साहेबांनी लेखी खुलासा मागितला. बाईंनी खुलाशात एवढंच लिहिलं की विधान बरोबर असल्याची खात्री घड्याळात पाहून करता येईल. साहेबांनी तो कागद मला दाखवला आणि कपाळाला हात लावला. मला हसू आवरेना.

स्टुडिओत माईकसमोर बाई एक रिकामी खुर्ची ठेवून घ्यायच्या. नव्या माणसाला वाटायचं, कुणी पाहुणा येणार आहे. तिथं ऐकणारी बसलेली असायची. रोज वेगळी. "आज परळच्या हॉस्पिटलातली नर्स आहे. रात्रपाळी करून आलेय, पाय सुजलेत बिचारीचे. हळू वाचते आज." एखाद्या दिवशी शिवाजी पार्कचे कुणी निवृत्त गृहस्थ. "आज जपून. चुका काढणारा आहे." एकदा मी चुकून त्या खुर्चीवर टेकलो तर म्हणाल्या, "ऊठ. कुणाच्या मांडीवर बसलास बघ जरा."

याचं मूळ मला फार उशिरा कळलं. बाई वरळीच्या चाळीतल्या. वडील गिरणीत. खोलीच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो आणि त्याखाली रोजचं वर्तमानपत्र, हे ठरलेलं. बाई सहावीत गेल्या आणि वडिलांनी पाळीवरून आल्यावर व्हरांड्यात त्यांना ते मोठ्यानं वाचायला बसवलं. मजल्यावरचे न शिकलेले, दमलेले लोक ऐकायला बसायचे. "त्यातला एक म्हातारा डोळे मिटून ऐकायचा," बाईंनी सांगितलं होतं. "मला वाटायचं झोपला. मी एक बातमी गाळली. तर डोळे न उघडता म्हणाला, पोरी, पान उलटल्याचा आवाज आला, पण मधलं काही ऐकू आलं नाही. त्या दिवसापासून मी कुणाला झोपलेला समजत नाही."

हवामान मात्र त्या कधी बसून वाचायच्या नाहीत. दुपारी मच्छीमारांसाठी दोन मिनिटांचं हवामान असायचं. बाकी निवेदक ते वाचता वाचता पुढच्या गाण्याची तयारी करायचे. बाई खुर्ची मागं सारून उभ्या राहायच्या, माईक वर ओढून घ्यायच्या. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "समोरचा दर्यात चाललाय. आपण काय पाय पसरून सांगायचं त्याला?"

त्यांच्या डब्याचीही गंमत होती. सुक्या बोंबलाची चटणी आणि भाकरी. वासावरून कुणीतरी तक्रार केली होती, म्हणून त्या डबा घेऊन गच्चीवर जायच्या. पुढं पुढं मीही जाऊ लागलो. मग तक्रार करणारेही वर येऊ लागले. बाई प्रत्येकाला भाकरीचा तुकडा द्यायच्या आणि विचारायच्या, "वास येतो का रे?"

सुट्टीच्या दिवशी बाई ट्रान्झिस्टर घेऊन शहरात हिंडायच्या. केंद्र कुठं नीट लागतं, कुठं खरखरतं, ते पाहायला. कुणी सांगितलेलं नव्हतं, भत्ता मिळत नव्हता. बसच्या तिकिटामागं बारीक अक्षरात लिहून आणायच्या. लोअर परळ, काचेच्या इमारतीच्या मागं, काही नाही. गिरगाव, दुसरा मजला, जिना, स्वच्छ. ती तिकिटं रबरबँड लावून माझ्या टेबलावर यायची. मी काही दिवस त्यांची टर उडवली. मग एका रविवारी, खरं सांगायचं तर घरी कंटाळा आला म्हणून, त्यांच्याबरोबर वरळी कोळीवाड्यात गेलो.

कोळीवाड्याच्या तोंडाशी हिरुबाई मासळी घेऊन बसायच्या. बाईंची आणि त्यांची तोंडओळख नव्हती. पण बाईंनी भाव विचारला मात्र, हिरुबाईंनी कोयता खाली ठेवला.

"अगो बाय! तू त्या रेडिओवरची ना? दर्याचं सांगतेस ती?"

आम्हाला घरी नेलं. अरुंद गल्लीच्या आतलं घर. फळीवर जुना ट्रान्झिस्टर. केंद्र लागत होतं, पण खरखर इतकी की बाईंचं तोंड पडलं. हिरुबाईंचे यजमान, सगळे त्यांना नाखवा म्हणत, म्हणाले, "कान लावून ऐकतो आमी. तुज्या आवाजावर होरी सोडतो." होरी म्हणजे होडी. 

मला संधी मिळाली. मी हिरुबाईंच्या मुलाचा जुना फोन मागून घेतला, ॲप टाकलं, सुरू केलं. काचेसारखा स्वच्छ आवाज. घरातले सगळे गोळा झाले. हिरुबाई म्हणाल्या, "मग ह्यो डबा कशाला ठेवायचा?"

"काढून टाका मावशी," मी म्हणालो.

परतताना बसस्टॉपवर बाई म्हणाल्या, "डबा राहू दे म्हणायला हवं होतंस." मला वाटलं, बाईंना ॲपचा हेवा वाटतोय.

आता ते खोटं.

ॲप सुरू झालं तशा तक्रारी सुरू झाल्या. वायर सैल झाली, वीज गेली-आली, की फोनवर शुकशुकाट. लोक ॲपखाली लिहायचे, सरकारी कारभार, दुसरं काय. साहेब ते मला वाचून दाखवायचे. "बंद पडता कामा नये. काय वाट्टेल ते करा." माझं कंत्राट वाढवायचं की नाही, हे त्याच महिन्यात ठरायचं होतं.

मग मी एक युक्ती केली. रोजचं प्रसारण मशीन साठवून ठेवत होतंच. मी अशी सोय केली की स्टुडिओतून आवाज यायचा थांबला, तर अर्ध्या मिनिटात ॲपवर कालचं प्रसारण सुरू व्हावं, घड्याळाच्या त्याच मिनिटापासून. तीच धून, तोच निवेदक, वेळसुद्धा बरोबर. आज सव्वादहा, तर कालचेही सव्वादहाच. कुणाच्या बापाला कळणार नव्हतं, आणि कळलंही नाही. दोनदा आवाज तुटला, एकही तक्रार नाही. साहेबांनी पाठ थोपटली. सोय काय आहे ते त्यांनी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

बाईंनी मात्र विचारलं. जिन्यात भेटल्या आणि एकदम म्हणाल्या, "काय रे, हल्ली तुझं पत्र बंद पडत नाही. लाइन तुटली तर लोकांना काय ऐकू जातं?"

खरं सांगितलं असतं तर बाईंनी त्याच पायरीवर मला ते बंद करायला लावलं असतं. 

"धून वाजते, बाई. साधी धून," मी म्हणालो.

"बरं केलंस. धून बरी. निदान ती काही सांगत नाही."

आणि त्या खाली गेल्या.

तो दिवस दिसायला साधा होता. ऊन होतं. सकाळी कंट्रोल रूममधला पंखा दुरुस्त करायला माणूस आला, त्याच्या शिडीनं माझ्या मशीनची वायर अर्धवट ओढली गेली. साडेबाराच्या सुमाराला माझ्या फोनवर संदेश आला, आवाज येत नाही. असा संदेश यायची सोयही मीच लावलेली. मी तेव्हा गिरगावात एका खानावळीत बसलो होतो. पान नुकतंच वाढलं होतं. मी संदेश वाचला. आणि मनात म्हणालो, कालचं लागेलच, जेवून जाऊ. फोन पालथा ठेवला. हीच ती गोष्ट, जी बाईंनाही ठाऊक नाही. मी सावकाश जेवलो, सोलकढी दुसऱ्यांदा मागितली.

त्या दिवशी पावणेएकला बाईंच्या हातात इशारा आला होता. वारा अचानक वाढणार, समुद्र खवळणार, मच्छीमारांनी बाहेर जाऊ नये. बाईंनी तो उभं राहून वाचला, आणि शिरस्ता मोडून दोनदा वाचला. रेडिओवर तो गेला. ॲपवर मात्र आदल्या दिवशीच्या बाई बोलत होत्या. आकाश निरभ्र, समुद्र शांत.

कोळीवाड्यात त्या दुपारी बाकीच्या होड्या थांबल्या. कुणी कुणी नाखवांना अडवलंही. ते म्हणाले, बाय आत्ता सांगतेय शांत हाय म्हणून, मी फोनवर माझ्या कानानं ऐकलं. आणि भावाला घेऊन गेले.

अडीचच्या सुमाराला ड्युटी रूमचा फोन वाजला. बाईंनीच उचलला. मी नुकताच परतून दारात उभा होतो. पलीकडचं बोलणं मला ऐकू येत होतं, इतक्या मोठ्यानं हिरुबाई ओरडत होत्या.

"तू बोल्लीस दर्या शांत हाय! हितं लाटा बघ येऊन! माजा माणूस गेलाय तुज्या बोलण्यावर!"

"हिरुबाई, मी तर इशारा..."

"तुजाच आवाज व्हता! मना काय तुजा आवाज कळत नाय?"

फोन ठेवून बाई माझ्याकडे वळल्या. हात पुढं केला. मी फोन दिला. त्यांनी ॲप लावून तो एका कानाला धरला आणि दुसऱ्या कानाला ट्रान्झिस्टर. एका कानात आजचं, एका कानात कालचं. त्यांचा चेहरा मी पाहत होतो. एवढंच लिहितो की तो मला पुन्हा पाहायचा नाही.

"धून म्हणाला होतास," त्या म्हणाल्या. मग, "वायर बघ जा आधी."

वायर मी लावली. बाईंनी किनाऱ्यावरच्या पोलिसांना, कोळीवाड्यातल्या सोसायटीला, जिथं सुचेल तिथं फोन केले. मग पर्स उचलली आणि स्वतः वरळीला गेल्या. मी येतो म्हणालो. "तू मशीनपाशी बस," म्हणाल्या.

अंधार पडायच्या आत होडी आली. दुसऱ्या दोन होड्यांनी दोर लावून ओढून आणली. माणसं वाचली. जाळं गेलं, आणि धक्क्याला आपटून नाखवांचा खांदा मोडला. तो नंतर जुळला, पण जाळं ओढण्याजोगा राहिला नाही.

तिथं काय झालं ते बाईंनी मला दुसऱ्या दिवशी मोजक्या शब्दांत सांगितलं. हिरुबाईंनी विचारलं, आवाज तुझा होता की नव्हता? बाई म्हणाल्या, माझा होता. माझं चुकलं.

"पण बाई, तुम्ही बरोबरच सांगितलं होतं. ते कालचं होतं असं सांगायचं ना त्यांना!"

"नवरा झोळीत घालून नेत होते तिचा. त्या वेळी तिला मशीन कसं चालतं ते समजावू?"

मग त्यांनी ड्युटीची वही उघडून मला दाखवली. त्यांच्या सरळ अक्षरात लिहिलं होतं: दुपारी ॲपवर आदल्या दिवशीचं हवामान गेलं. ॲपवरील प्रसारण मी ऐकून तपासलं नाही. ते यंत्र मला आवडत नसल्यानं मी ते टाळत होते. जबाबदारी माझी. खाली सही. 

त्यात माझं नाव नव्हतं. युक्तीचा उल्लेख नव्हता, जिन्यातल्या बोलण्याचा नव्हता.

"बाई, माझं..."

"तुझं तू लिही. मी माझं लिहिलं. दुसऱ्याच्या वतीनं मी कधी काही लिहीत नाही." सहीच्या खाली त्यांनी अर्धं पान कोरं सोडलं होतं. पुढच्या ड्युटीच्या माणसाला त्यांनी पुढच्या पानावर लिहायला सांगितलं.

मी लिहिलं नाही. आज लिहू, उद्या लिहू, कंत्राटाचं कळलं की लिहू. साहेबांना एक जबाबदार माणूस हवा होता, तो कागदावर मिळाला होता. माझं कंत्राट वाढलं. निवृत्तीनंतर बाईंना आठवड्यातून एक कार्यक्रम द्यायचं जवळजवळ ठरलं होतं, ते मागं पडलं. कुणी नाही म्हटलं नाही, नुसता विषय निघेनासा झाला. वही भरली, कपाटात गेली.

बाईंनी मला हाताशी धरलं ते यानंतर, याचं मला अजून नवल वाटतं. दुसऱ्याच दिवशी त्या माझ्याकडे आल्या. "ते कालचं काढून टाक. आणि हे बघ, धूनही नको. सरळ सांगू या." त्यांनी स्टुडिओत जाऊन दोन वाक्यं ध्वनिमुद्रित करून दिली. "आमचा आवाज या क्षणी आपल्यापर्यंत पोचत नाही. जवळ रेडिओ असल्यास कृपया तो लावावा." उभं राहून बोलल्या. मग निवृत्तीपर्यंतचे सगळे महिने रोज सकाळी त्या माझ्या शेजारी बसल्या. एक कान त्यांना, एक मला. कुठं आवाज बसतो, कुठं श्वास तुटतो, कुठल्या जागी माणूस कागद पाहून बोलतोय, सगळं ऐकायला शिकवलं. तोवर मी आलेख पाहून काम करायचो. ऐकणारा माणूस मी त्या महिन्यांत झालो. आज या कामावर माझं घर चालतं, मुलगी शिकली, ते बाईंनी माझ्या पायाखाली ठेवलेल्या जमिनीवर. त्यांनी एकदाही टोमणा मारला नाही. नाही, एकदा मारला. निरोपाच्या दिवशी मी भाषण केलं, बाई किती थोर वगैरे. खाली आल्यावर म्हणाल्या, "छान बोललास. खुर्चीत कोण होतं पण? मला कुणी दिसलं नाही."

आता त्यांची चाळ पाडून तिथं टॉवर झालाय. बाई सतराव्या मजल्यावर राहतात. तिथं ट्रान्झिस्टर फार छान लागतो म्हणून खूश आहेत. मी वर्षातून दोनतीनदा जातो. बोंबलाची चटणी मिळते. ॲपमधल्या चुका त्यांनी तारीखवार लिहून ठेवलेल्या असतात, त्या मी उतरवून घेतो. त्या दुपारबद्दल त्या बोलत नाहीत. मी दारातून निघताना त्या क्षणभर थांबतात, मी काही म्हणेन म्हणून असेल, किंवा मलाच तसं वाटत असेल. मग दार लागतं.

गेल्या महिन्यात मी वरळीला गेलो होतो. हिरुबाई त्याच जागी बसतात. मला त्यांनी ओळखलं नाही. मी बांगडे घेतले. शेजारच्या बाईशी त्यांचं बोलणं चाललं होतं, हवेबद्दल. शेजारीण म्हणाली, रेडिओवर सांगितलंय म्हणे वारा आहे. हिरुबाई बांगड्याचं डोकं उडवत म्हणाल्या, "रेडिओवरची एक बाय व्हती. लय गोड बोलायची. खोटारडी." मी पिशवी घेतली आणि निघून आलो.

बाईंनी त्या दुपारी दर्यात जाऊ नका असंच सांगितलं होतं, दोनदा. जे ऐकू आलं ते मी लावून ठेवलेलं होतं, आणि ते चालू आहे हे कळूनही मी जेवत बसलो. एवढं हिरुबाईंना आणि नाखवांना त्यांच्या घरी जाऊन, माझं नाव घेऊन सांगायचं आहे. बाईंचं मी एवढं देणं लागतो, आणि ते मी अजून दिलेलं नाही.